तिकिटावरची दैवशाला

आमच्या घरात एकाच वेळी दोन दैवशाला नांदू शकत नव्हत्या, म्हणून माझी काकू सत्यशीला झाली. थोरली सून म्हणजे माझी आई, तिचं नाव दैवशाला. मग धाकट्या रामप्रसादकाकाला शहागडकडची जी मुलगी सांगून आली, तिचंही नाव दैवशालाच निघालं. आजी म्हणाली, "एकीला हाक मारली तर दोघी ओ देतील. नवीचं नाव बदला." लग्नात ताटात तांदूळ पसरले, काकानं त्यात अंगठीनं 'सत्यशीला' असं लिहिलं, बायांनी पेढे वाटले. नंतर ते तांदूळ कुणीतरी गोळा करून डब्यात ओतले आणि त्यांच्यासोबत त्या मुलीचं स्वतःचं नावही गेलं. माझ्या आईचं नाव टिकलं ते फक्त ती आधी आली म्हणून. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं.

हे मी आज चिडून लिहिते आहे. तेव्हा यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. काकूलाही नाही. तिचा धाकटा भाऊ सोमेश्वर त्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळून घड्याळ घेऊन बसला होता. ताटातलं नाव त्यानं स्वतः वाचून दाखवलं, असं आई सांगते. तेव्हा तो पाचवी-सहावीत होता आणि त्याला वाचता येतं याचं माहेरच्या माणसांना फार कौतुक होतं.

त्यानंतर काकूला दैवशाला म्हणणारं जगात एकच माणूस उरलं, तिची आई गिरिजाबाई. वडील तिला पोरी म्हणायचे, भाऊ आक्का, आम्ही पोरं काकू, गाव सत्यशीलाबाई. आधार कार्डावर सत्यशीला, रेशनवर सत्यशीला, बँकेत सत्यशीला. फक्त शहागडला गेली की नदीच्या अंगाला असलेल्या त्या घरातून गिरिजाबाईंची हाक यायची, "दैवशाला उतरली का गं?" म्हणजे बसमधून उतरली का, आली का. लेक आली, असं त्या कधी म्हणत नसत. हायवेला बस थांबल्याचा आवाज आला की त्यांचं आपलं "उतरली का?"

काकू प्रवासाला निघाली की घरातल्यांची करमणूक व्हायची. परतूरची जीप असो की जालन्याची बस, ती चढायच्या आधी दोघांना आणि चढल्यावर दोघांना विचारायची, "ही बराबर तिकडंच जाती ना?" कंडक्टरनं दिलेलं तिकीट ती घरी येईपर्यंत कनवटीतून काढत नसे. एकदा तर पावसात भिजून त्याचा लगदा झाला, तरी तिनं तो चुलीजवळ वाळत ठेवला. का, तर कुणी विचारलं तर? काका म्हणायचा, "आता घरी कोण येऊन चेक करणार हाय?" आम्ही हसायचो. आज वाटतं, त्या घरात प्रवासाचे नियम सगळ्यात मनावर घेणारी बाई तीच होती. आणि नियमानं गाठलं तेही तिलाच.

बरं, नियम तरी थोडे आहेत का? बसमध्ये बाईला अर्धं तिकीट. म्हाताऱ्यांना एका वयानंतर अर्धं, त्याहून पुढं गेलं की फुकट, पण कार्ड दाखवलं तर. जीपमध्ये जीपवाल्याच्या मनात येईल ते. रेल्वेचं तर विचारूच नका. खिडकीवरचं तिकीट वेगळं, मोबाइलवरचं वेगळं. जनरलचं तिकीट घेऊन अमक्या डब्यात बसायचं नाही, वेटिंगचं घेऊन तमक्यात चढायचं नाही. आरएसी म्हणजे एका बाकड्यावर दोघं, दोघांनाही तिकीट पूर्ण आणि जागा अर्धी. हे सगळं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आणि वरून सांगायचं की समजून घेण्याची जबाबदारी प्रवाशाची. ज्यानं लिहिलं त्याची समजावून सांगण्याची काही जबाबदारी असते की नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

असो. सोमेश्वरमामा बियाण्यांच्या एका कंपनीत लागला, आधी जालन्याला आणि मग बदली होऊन हैदराबादला. वडील वारल्यावर तो आईला तिकडं घेऊन गेला. गिरिजाबाईंना तिथलं काही रुचलं नाही, पण सांगणार कुणाला? मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. म्हातारी रोज लेकीचं नाव घेत होती. शेवटी मामाचा काकूला फोन आला.

"आक्का, तू येऊन जा. मी तिकीट काढून देतो, तू फक्त गाडीत बस. परतूरला बसायचं, इथं उतरायचं. मी स्टेशनवर येतो."

"पैशे किती आनू संगं?"

"पैसे कशाला लागतात? रिझर्वेशन हाय. खालची जागा हाय. तू फक्त आधार कार्ड घे."

तिकीट काकाच्या मोबाइलवर आलं. काकूनं ते परतूरला झेरॉक्सच्या दुकानात कागदावर काढून आणलं, कारण मोबाइल काकाचा आणि काका काही सोबत जाणार नव्हता. तिच्याकडं होता तो साधा बटणांचा फोन. काकू मराठी वाचते. सातवी झालेली आहे. इंग्रजीत तिला आकडे कळतात आणि आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर कळतं. ते अक्षर कागदावर होतं. डब्याचा नंबर, जागेचा नंबर, तारीख, सगळं तिनं दुकानदाराला विचारून घेतलं आणि पाठ केलं. नाव काय आहे, हे तिनं विचारलं नाही. तिकीट सख्ख्या भावानं काढलेलं. स्वतःचं नाव लोकांना विचारत फिरायचं असतं, हे तिला कुठून सुचणार?

आदल्या दिवशी तिनं धपाटे केले. गिरिजाबाईंना दात नव्हते, म्हणून लोणी जास्त घालून मऊ केले. घनसावंगीच्या पाहुण्यांनी आणून दिलेली मोसंबी पिशवीत भरली. काका तिला स्टेशनवर सोडून परत आला. गाडी वेळेवर आली आणि काकू दिलेल्या डब्यात, दिलेल्या जागेवर, खिडकीशी बसली. आरक्षणाच्या डब्यात ती जन्मात पहिल्यांदा बसली होती.

सेलू मागं पडलं आणि टीसी आला. त्यानं हातातल्या यंत्रात बघून विचारलं, "दैवशाला कोण?"

"मी! मीच हाय." काकू उठून उभीच राहिली.

हे तिनं मला नंतर सांगितलं. "मीना, इतक्या वर्सांनी परक्या मानसाच्या तोंडून माझं नाव ऐकलं गं. शाळेत हजेरी घेतल्यावानी वाटलं. लई बरं वाटलं मला." तेवढंच काय ते बरं वाटलं. पुढच्याच क्षणी टीसीनं कार्ड मागितलं.

"मावशी, कार्डावर तर सत्यशीला आहे."

"ते सासरचं नाव हाय. दैवशाला माहेरचं."

"म्हणजे ही दैवशाला कोण?"

"ती बी मीच की."

"दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असा काही कागद आहे का तुमच्याकडं?"

काकूनं खूप विचार केला असणार. मग ती म्हणाली, "कागद न्हाई. माझी आय सांगंल. तिच्याकडंच निघाले मी."

माणूस वाईट नव्हता तो. त्यानं आवाज चढवला नाही, सगळं समजावून सांगितलं. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नसेल तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. नावात बदल करायचा तर गाडीच्या एक दिवस आधी स्टेशनवर अर्ज द्यायचा असतो. आता भाडं आणि दंड भरावा लागेल, नाहीतर परभणीला उतरून जनरलचं तिकीट काढून मागच्या गाडीनं यावं. भाडं आणि दंड भरण्याइतके पैसे काकूजवळ नव्हते. पैसे कशाला लागतात, असं भावानं सांगितलं होतं ना!

समोरच्या आडव्या बाकड्यावर आरएसीवाले एक गृहस्थ अर्ध्या जागेत अंग चोरून बसले होते. शर्ट खोचलेला, चष्मा गळ्यात. ते म्हणाले, "मावशी, प्रवास करायचा तर नियम समजून घेणं आपली जबाबदारी असते. मला माहीत नव्हतं, हे कारण कुठंच चालत नाही." डब्यातल्या चार माना हलल्या. एकाही मानेला असं वाटलं नाही की विचारावं, बाई, आईला काय झालंय?

टीसीनंच भावाला फोन लावायला सांगितला. मामा म्हणाला, "साहेब, ती माझी बहीणच आहे."

"असेल हो. पण तिकीट यांच्या कार्डावरच्या नावाचं नाही."

मग फोन काकूच्या हातात आला. मामा चिडलेला होता. "आक्का, चार दिवस झाले तिकीट पाठवून. नाव बघायचं न्हाई का? तिकीट हातात आल्यावर नाव बघायची जबाबदारी ज्याची त्याची असती. आता मी इथून काय करू? आईला बघू का तुला बघू?"

"तूच टाकलं ना नाव?"

"मला काय माहीत कार्डावर काय हाय ते! मला तुझं हेच नाव माहीत हाय."

ताटातलं नाव वाचून दाखवणारा हाच तो पोरगा. कान पिळून घड्याळ घेतलं होतं ते त्याला पक्कं आठवतं, माझ्यासमोर त्यानं ते दहादा सांगितलेलं आहे. बहिणीचं नाव मात्र आठवत नाही. चुकला तरी मी एवढं बोलले नसते, माणूस चुकतो. पण चुकला तो आणि बघायचं राहिलं हिचं, हे गणित मला पचत नाही.

मी नंतर चौकशी केली. एकट्या बाईला गाडीतून वाटेल तिथं उतरवता येत नाही, म्हणे. जंक्शन किंवा जिल्ह्याचं ठिकाण लागतं, आणि दिवसाउजेडीच. फार चांगला नियम आहे. परभणी जंक्शन होतं, जिल्ह्याचं ठिकाण होतं, आणि ऊन चांगलं डोक्यावर आलेलं होतं. सगळं नियमात बसलं. काकू पिशवी घेऊन उतरली. खिडकीतून तिला दिसलं, तिच्या जागेवर ते आरएसीवाले गृहस्थ पाय पसरून बसले होते. त्यांनाही ती जागा नियमानंच मिळाली होती.

परभणीच्या फलाटावर तिनं स्वतःच्या पैशानं जनरलचं तिकीट काढलं. त्या तिकिटावर नावच नव्हतं. ती त्या खिडकीवरच्या माणसाला म्हणाली होती, "दादा, यावर नाव टाकायचं असंल तर दोन्ही टाका." तो हसला. पुढची गाडी उशिरा आली, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि धपाट्याची पिशवी छातीशी धरून ती दाराजवळ उभी राहिली ती हैदराबाद येईपर्यंत.

पहिल्या गाडीनं गेली असती तर ती त्याच दिवशी संध्याकाळी पोचली असती. गिरिजाबाई त्या संध्याकाळी शुद्धीवर होत्या. उशाला टेकून बसल्या होत्या, दूध प्यायल्या होत्या. आणि एकसारखं विचारत होत्या, "दैवशाला उतरली का?" मामाची बायको प्रीती, तिनं शेवटी कंटाळून म्हणा की कळवळून म्हणा, सांगून टाकलं, "उतरली, आत्याबाई, उतरली. येतीच आहे." खोटं तरी कसं म्हणायचं? उतरली होतीच ती. परभणीला.

म्हातारी दाराकडं बघत राहिली. पहाटे गेली. काकू पोचली तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. मामा पुढं येऊन म्हणाला, "तुझ्यासाठी थांबलो, आक्का. लोक म्हणत होते उरकून घ्या." हे त्यानं उपकार केल्यासारखं सांगितलं. काकूनं आईच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "आय, दैवशाला आली." ऐकणारं कुणी नव्हतं.

गावी परत आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी तिला दुःख कमी आणि अक्कल जास्त दिली. काका म्हणाला, "मी तरी काय करणार? तिकीट तुझं, तूच बघायचं." तेच तिकीट चार दिवस त्याच्या मोबाइलात पडून होतं, पण तो बोलताना सगळे गप्प. तातेराव म्हणून आमच्या शेजारचे एक आहेत, ते मुलाकडं पुण्याला वर्षातून एकदा जातात आणि त्या जोरावर वर्षभर शहाणपण शिकवतात. ते म्हणाले, "आमचं बघा, आम्ही तिकीट आलं की पहिलं नाव तपासतो." मी त्या वेळी जालन्याहून आलेले होते. मी विचारलं, "तात्या, लग्नात तुमचं नाव बदललं होतं का कुणी?" ते चहा न घेता गेले. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

रडली ती फक्त माझी आई. "मीना, ते तिकीट माझ्या नावाचं होतं गं," ती म्हणाली. खरंच होतं. आडनाव आमचंच, नाव दैवशाला. माझ्या आईनं कार्ड दाखवलं असतं तर टीसीनं मान हलवून पुढची जागा बघितली असती. वयाचा थोडा फरक कोण धरतं? जिची आई मरत होती ती उतरली, आणि जिचं तिथं कुणीच नव्हतं तिला ती गाडी हैदराबादपर्यंत नेऊन सोडणार होती.

काकू मात्र त्या दिवसापासून बदलली. कुठलाही कागद हातात आला की ती आधी नाव शोधायची. दवाखान्याची चिठ्ठी असो, लग्नाची पत्रिका असो, औषधाची पावती असो. बोट ठेवून अक्षर अक्षर वाचायची. इंग्रजी असेल तर काकाच्या मोबाइलवरून फोटो आणि लगेच मला फोन. "मीना, एस कुठं हाय त्यात? डी तर न्हाई ना?" पोरं आता तिला हसत नाहीत.

दिवाळी होऊन गेल्यावर सोमेश्वरमामा आला. येताना फळं, साडी. मीही घरी होते. शहागडला हायवेच्या कडेला काकूच्या वडिलांची जमीन आहे. रस्ता मोठा झाल्यापासून तिला आता गिऱ्हाइकं येतात. सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलेलं आहे. ते निघायचं तर तिनं आपला हक्क सोडल्याची सही करायला हवी. आमच्याकडं बहिणी ती करून देतात. साडी घेतात, सही करतात, आणि माहेर तुटू नये म्हणून पुन्हा त्या विषयावर बोलत नाहीत. काकूही करून देणार होती. तिनं स्वतः मला आधी सांगितलं होतं, "मला काय करायची ती जमीन? भाऊ बोलावतोय तोवर बास."

मामानं कागद काढला. स्वच्छ टाइप केलेला, मराठीत. "इथं सही कर, आक्का. मंग उद्या अंबडला जाऊन साहेबासमोर एक अंगठा."

काकूनं चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं. मामा म्हणाला, "वाचायला काय लागलीस? मी सगळं बराबर करून आणलंय." ती वाचतच राहिली. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे मधी काय लिव्हलंय?"

"कुठं? ते? 'दैवशाला उर्फ सत्यशीला'."

"उर्फ म्हंजे?"

"म्हंजे दोन्ही नावं एकाच बाईची," मामा मोठ्या हुशारीनं म्हणाला. "वकिलानं टाकायला लावलं. एकच नाव टाकलं तर पुढं कुणी बी हरकत घेतं. ह्या गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात."

मी काकूकडं बघितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर कागद फाडेल. तिनं तसं काही केलं नाही. फक्त तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. उर्फ. उर्फ.

"एवढासाच हाय व्हय हा शब्द," ती म्हणाली. "दोनच अक्षरं. तिकिटावर बसत न्हवता का रे?"

मामाचा चेहरा उतरला. "आक्का, ते वेगळं असतं. तिथं उर्फ चालत न्हाई. आता त्याचं काय काढलंस? मी काय मुद्दाम केलं का? नियम होता तो."

"व्हय. नियमच होता. आन् नाव बघायची जबाबदारी ज्याची त्याची असती, तूच म्हनला होता. मंग बघितलं मी." तिनं चष्मा काढला, कागद होता तसा घडी घालून त्याच्यापुढं सरकवला. "ह्यातली सत्यशीला मी हाय. ह्या घरची हाय. तिचा तुझ्या जमिनीत कायबी हक्क न्हाई, तिच्या सहीचं तुला काय काम? हक्क दैवशालाचा हाय."

"मंग ती तूच ना!"

"ती परभणीला उतरली, सोमेश्वर. तिची सही मी कशी करू?"

मामानं काकाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. शेवटी त्यानं कागद बॅगेत घातला आणि परतूरच्या जीपसाठी तो फाट्यावर जाऊन उभा राहिला.